भेग आणि गाठ

काकांच्या हाताखाली एका वेळी दहा लाख बायका असत आणि त्यांतली एकही खरी नव्हती. आरोग्य खात्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, संगणकांच्या पंख्यांची घरघर सुरू झाली की त्या जन्माला येत, वयात येत, म्हाताऱ्या होत. काहींच्या स्तनात गाठ धरे, बहुतेकींच्या धरत नसे. आणि काकांचा चहा निवायच्या आत एकूण एक जणी मरून जात. त्यांच्या मरणाने कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नसे. ते मरण मोजण्यासाठीच होतं.

कामाची रीत अशी होती. प्रत्येक बाईला दोन आयुष्यं मिळत. खोलीत या प्रकाराला 'जुळी' म्हणत. पहिल्या आयुष्यात तिला ठरावीक वयापासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या तपासणीचं, आमंत्रण जाई. दुसऱ्यात जात नसे. बाकीचं नशीब दोन्हीकडे तंतोतंत सारखं. गाठ धरायची तर त्याच वर्षी, त्याच वेगाने. हृदय बंद पडायचं तर तेही त्याच वर्षी. मग ही दोन आयुष्यं शेजारी शेजारी ठेवून पाहायचं, की तपासणीमुळे किती मरणं टळली आणि किती जणींच्या जिवाला उगाच घोर लागला. बायकांना कोणत्या वयापासून बोलवायचं आणि किती वर्षांनी बोलवायचं, हे खातं त्या आकड्यांवरून ठरवी. खऱ्या बायकांवर असा प्रयोग करायचा तर एक पिढी खर्ची पडली असती, आणि एकाच बाईला दोनदा जगवणं तर कोणालाच जमण्यासारखं नव्हतं.

काका मूळचे पुलांचे. तांत्रिक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर अर्धी नोकरी त्यांनी लोखंडी पुलांखाली, दोरखंडांनी टांगलेल्या पाळण्यात बसून, तुळयांमधल्या भेगा शोधण्यात घालवली होती. भेग किती लांब आहे, ती किती वेगाने वाढेल, आणि धोक्याच्या लांबीला पोचण्याआधी पुन्हा कधी तपासायला यायचं, हे गणित त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. खात्याच्या मुलाखतीत एक डॉक्टर गमतीने म्हणाले होते, "पूल काय आणि बाई काय, वेळेवर तपासलं म्हणजे झालं." सगळे हसले, काकांना नोकरी लागली, आणि ती गंमत कोणाच्या ध्यानीमनी नसताना दहा लाख बायकांच्या मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकातल्या गणिती नमुन्यात, जाऊन बसली. भेग आपोआप थांबेल असं धरून चालणाऱ्याने पुलाच्या वाटेला जाऊ नये, असं काकांना शिकवलं गेलं होतं. शंका असेल तिथे वाईटात वाईट धरायचं; म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो. मॉडेल बांधताना त्यांनी हाच नियम गाठीला लावला. एकदा धरलेली प्रत्येक गाठ वाढणार, पसरणार, आणि मध्ये कोणी आलं नाही तर बाईचा घास घेणार. नियम इतका जुना आणि इतका अंगवळणी पडलेला होता, की तो नियम आहे हेच ते विसरून गेले होते.

तो उकरून काढला 'नवी'ने. तिला खात्यात येऊन चार वर्षं झाली होती; पण तिच्यानंतर कोणाची भरतीच झाली नाही, म्हणून ती नवीच राहिली. तल्लख, फटकळ, खुर्चीत मांडी घालून बसणारी. काकांवर तिचा जीव होता आणि त्यांची टिंगल करण्याचा हक्कही तिने स्वतःकडे घेतला होता. "काकांनी 'बहुधा' म्हटलं की समजायचं, उद्या सूर्य उगवणार आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

एका सकाळी ती खुर्ची सरकवत त्यांच्या टेबलापाशी आली.

"काका, एक वेडंवाकडं दाखवू?"

"वाकडं दाखव. वेडं दुपारनंतर."

"आपल्या सगळ्या गाठी पुढे जातात, बरोबर? मग तपासणीत ज्या लवकर सापडल्या, त्या पुढच्या वयात सापडायला नकोत. सत्तरीनंतर आपण बोलावणं बंद करतो. म्हणजे सत्तरीनंतरचा आकडा धाडकन खाली यायला हवा. आपल्या बायकांमध्ये येतो. खऱ्या बायकांमध्ये जेमतेम हलतो."

"नोंदी अपुऱ्या असतील."

"तीन जिल्ह्यांच्या बघितल्या. तिन्ही अपुऱ्या असतील, पण तिन्ही एकाच बाजूला कशा कलतील?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. नको असलेला आकडा समोर आला की त्यांच्या काचा नेहमी मळलेल्या असत.

"म्हणून मी काही गाठींना झोपू दिलं," नवी म्हणाली. "झोपाळू गाठी. धरतात आणि तिथेच बसून राहतात. बाई पंच्याऐंशीव्या वर्षी दुसऱ्याच कशाने जाते, आणि तिला पत्तासुद्धा लागत नाही. एवढा एकच बदल केला. आता बघा रेघ कशी बसली."

पडद्यावरच्या आलेखातली रेघ मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी खऱ्या नोंदींवर बसली होती. गेली कित्येक वर्षं काका ती ओढूनताणून बसवत होते.

"म्हणजे तपासणीत ज्या सापडतात, त्यांतल्या..."

"शंभरातल्या तेरा. थोडं इकडेतिकडे. त्या तेरा जणींना आपण बोलावलंच नसतं तर त्या आयुष्यभर ठणठणीत राहिल्या असत्या. आपण बोलावलं, कापलं, गोळ्या दिल्या, आणि त्या आपलेच आभार मानतात."

"आपण सुरक्षित बाजू धरली होती," काका म्हणाले.

"पुलाची, काका. तुळई उगाच बदलली तर तुळईला काही दुखत नाही."

काकांच्या डोळ्यांपुढे बायकोच्या डाव्या हातावरची बाही उभी राहिली होती.

तीन वर्षांपूर्वी बायकोला असंच आमंत्रणाचं पत्र आलं होतं. तिने ते फ्रीजच्या दारावर लावून ठेवलं आणि त्याच्यावर किराणा सामानाची चिठ्ठी लावली. तिला जायचं नव्हतं. "मला काही होत नाही. होत नसताना शोधायला कशाला जायचं?" असं तिचं म्हणणं. काकांना ते अडाणीपणाचं वाटलं होतं. त्यांनी स्वतः फोन करून वेळ घेतली, स्वतः तिला केंद्रावर नेलं आणि वाटेत म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे अगं, दात काढण्यापेक्षा सोपं." हाताला लागेल अशी गाठ नव्हतीच. फोटोमध्ये फक्त मीठ सांडावं तसे पांढरे कण दिसले. दुधाच्या नळ्यांच्या आतच आहे, बाहेर पडलेलं नाही, पण पसरलेलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि डावा स्तन काढावा लागला. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजू लागला. तेव्हापासून ती मनगटापासून दंडापर्यंत एक घट्ट रबरी बाही घालते. ती शिवणकाम शिकवायची. कापड डाव्या हाताने धरून उजव्याने सरकवणं आता तिला फार वेळ जमत नाही. क्लास तिने बंद केला.

पण खचणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती आता तपासणी केंद्रावर जाऊन बाहेरच्या बाकावर बसते आणि घाबरून आलेल्या बायकांशी बोलते. "बसा. माझा जीव इथेच वाचला," हे तिचं पहिलं वाक्य. केंद्रातले लोक तिला 'धीरवाल्या मावशी' म्हणतात. एकदा काकांनी लांबून पाहिलं होतं. दारातून दोनदा मागे फिरलेली एक बाई तिचा हात धरून आत गेली होती. त्या दिवशी काकांची छाती अभिमानाने फुगली होती.

आता तेच आठवलं की त्यांना मान वर करवत नसे.

त्यांनी नवीला आणखी एक पडताळणी करायला सांगितली. मग आणखी एक. मग म्हणाले, गाठींचा वेग वेगळ्या पद्धतीने धरून बघ. नवीने सगळं केलं. तेराचे कधी अकरा झाले, कधी सोळा, शून्य मात्र कधीच झाले नाहीत. "काका, आता फक्त संगणकाचा रक्तदाब तपासायचा राहिलाय," ती म्हणाली. काकांनी तोही विचार मनातल्या मनात करून पाहिला असेल. पडताळणी हे त्यांचं उभ्या जन्माचं व्रत होतं, त्यामुळे ती लांबवण्याचा त्यांच्यावर कोणी संशय घेतला नाही. तेवढ्यापुरता तो सद्गुण आपल्या अब्रूवर पांघरूण घालतो आहे, हे त्यांना पक्कं कळत होतं.

आणि नवी जेवायला गेली की ते आणखी एक काम करत. दहा लाख बायका बाजूला ठेवून ते एकच बाई उभी करत. वय बायकोचं, सापडण्याची तऱ्हा बायकोची, फोटोतले कण बायकोचे. तिला ते लाख वेळा जगवत आणि प्रत्येक वेळी तिची जुळी बघत, तपासणीला न गेलेली. ती जुळी किती वेळा काहीही न कळता म्हातारी होऊन मेली, ते मोजत. नळ्यांच्या आतलं दुखणं बरेचदा झोपाळू निघे. आकडा शंभरात चाळीसच्या आसपास येई. एक गृहीतक बदललं की तीस. दुसरं बदललं की पंचावन्न. मॉडेल घोळक्याबद्दल बोलतं, माणसाबद्दल नाही, हे ज्यांनी प्रत्येक शिकाऊ माणसाला बजावलं होतं, ते काका दुखऱ्या दातावर जीभ जावी तसे पुन्हा पुन्हा त्या एका बाईकडे जात.

नवीने ते शोधायला नको होतं, पण मोकळ्या संगणकावर काय चाललंय हे बघणं तिचं कामच होतं.

"काका, हे तुम्ही चालवलंत?"

"किरकोळ पडताळणी."

"नाव देताना तुम्ही 'डावी बाजू' लिहिलंय."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. खरंच लिहिलं होतं.

"आपल्या बायकांना डावं-उजवं नसतं, काका," नवी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टिंगलीचा मागमूस नव्हता. "मॉडेलमध्ये बाजूच नाही. तुम्हीच ठेवली नाहीत."

मग तिने विचारलं, "काकूंना सांगितलंत?"

"काय सांगू? शंभरात चाळीस? ती विचारेल, मी चाळिसांतली की साठांतली. मी म्हणेन, माहीत नाही. याला सांगणं म्हणतात?"

"नका सांगू मग. पण त्या वाचन गटात आहेत."

वाचन गट म्हणजे खात्याची एक शहाणी पद्धत होती. कोणतंही पत्र घरोघरी पाठवण्याआधी त्याचा मसुदा चार-सहा साध्या बायकांना मोठ्याने वाचायला देत. वाचणारी जिथे अडखळेल ते वाक्य बदलायचं. केंद्रावरच्या कामामुळे बायकोला त्या गटात घेतलं होतं.

"मॅडमनी आमंत्रणाच्या पत्रात तेराचा आकडा घालायला सांगितलाय," नवी म्हणाली. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. "मसुदा बुधवारी वाचायचा आहे. आकडा मी दिला. तुम्हाला विचारून द्यायला हवा होता, पण विचारलं असतं तर तुम्ही 'आणखी एकदा' म्हणाला असता."

"म्हणालो असतो," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी ते ठरवून घरी निघाले. बसमध्ये त्यांनी वाक्यं जुळवली. आधी मॉडेलची मर्यादा, मग नवा पुरावा, मग आकडा, मग त्याची अनिश्चितता. क्रम निर्दोष होता. एखाद्या समितीने टाळ्या वाजवल्या असत्या. दार उघडलं तर आत छोटी बसलेली. छोटी म्हणजे मेहुणी; पन्नाशी ओलांडली तरी घरात तिला दुसरं नाव नव्हतं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते.

"या भावजी, बरे आलात. ही ताई मला चिरडायला न्यायला निघालीय. दोन काचांमध्ये धरून दाबतात म्हणे."

"दाबतात," बायको म्हणाली. "तुझ्या शिकाऊ गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्यांचा जीव जेवढा दबतो, त्याहून कमीच."

"मी रोज नवशिक्यांच्या शेजारी बसते. मला कसली भीती घालतेस?"

"भीती नाही ना? मग चल."

"भीती नाही, कंटाळा आहे. मला काही होत नाहीये गं."

"मलाही काही होत नव्हतं!" बायको एकदम पुढे झुकली. बाही घातलेला हात तिने मांडीवर उजव्या हाताने उचलून ठेवला. "छोटे, माझा जीव वाचला त्या दोन काचांनी. गेलं ते गेलं, पण मी आज तुझ्यासमोर बसलीय. सांगा ना हो हिला. तुम्ही तर दिवसभर हेच गणित करता. वाचला की नाही माझा जीव?"

दोघी बहिणी त्यांच्याकडे बघू लागल्या. एक हसत, दुसरी मायेने. काकांनी हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली, मग खुर्चीवरून उचलून टेबलावर ठेवली.

"वाचला," ते म्हणाले.

"बघ," बायको म्हणाली.

"बाप रे! भावजींनी 'बहुधा'सुद्धा लावलं नाही. म्हणजे विषयच संपला." छोटीने तिथल्या तिथे फोन काढून शुक्रवारची वेळ घेतली.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं त्या घरात पुन्हा ओठांवर आली नाहीत. जेवताना बायको म्हणाली, "आज गप्प गप्प का?" काका म्हणाले, "दगदग झाली." तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डावा हात, उजव्या हातात वाढायचा डाव होता. त्या हाताचा जडपणा सदऱ्यातून जाणवला.

बुधवारी वाचन गट तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत बसला. लांब टेबल, पाण्याचे पेले, सहा बायका. मॅडम एका टोकाला होत्या. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला नवी आणि काका भिंतीला लागून बसले होते. सकाळी निघताना बायकोने विचारलं होतं, "आज काय वाचायचंय?" आणि काका बुटाची लेस बांधत बसले होते.

पहिला परिच्छेद एका निवृत्त परिचारिकेने वाचला. दुसरा बायकोच्या वाट्याला आला. तिने चष्मा लावला आणि केंद्रावर बोलते त्याच ठाम, उबदार आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'तपासणीचे जसे फायदे आहेत, तसे काही तोटेही आहेत. तपासणीत सापडलेल्या दर शंभर कॅन्सरपैकी सुमारे तेरा असे असतात, की ते सापडले नसते तरी त्या महिलेला आयुष्यात कधीही...'"

ती थांबली. मॅडमनी सवयीने पेन्सिल उचलली. वाचणारी अडखळली, म्हणजे वाक्य बदलायचं.

"वाक्य अवघड झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, वाक्य सोपं आहे," बायको म्हणाली. तिने कागदावरून नजर उचलली आणि भिंतीकडे पाहिलं. "हे तेरा कोण, ते कळतं का?"

नवीने तोंड उघडलं, पण प्रश्न तिला नव्हता.

"नाही," काका म्हणाले.

"नंतर? काढून झाल्यावर?"

"कधीच कळत नाही."

"सगळ्यांना तेराच? की माझ्यासारखं, नळीच्या आतलं असेल तर वेगळं?"

तेरा म्हणून वेळ मारून नेता आली असती. पत्रात तेच छापलं होतं. काकांनी नवीकडे पाहिलं नाही.

"वेगळं. जास्त. चाळीसच्या आसपास. तीसही असेल, पंचावन्नही असेल."

पेल्यांशी चाळा करणारे हात थांबले. परिचारिकेने मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही काढून बघितलंत."

"हो."

"कधी?"

"दोनएक महिने झाले."

बायकोने मान हलवली, एखाद्या विद्यार्थिनीने वाकडी शिलाई दाखवल्यावर हलवायची तशी. मग कागद सरळ करून तिने परिच्छेद शेवटपर्यंत वाचला. आवाज बदलला नव्हता, ऊब तेवढी गेली होती.

"एक सुचवते," ती मॅडमना म्हणाली. "इथे 'अनावश्यक उपचार' लिहिलंय. बायकांना वाटेल, एखादी जास्तीची गोळी. स्तन काढावा लागू शकतो, असं लिहा."

"त्याने बायका घाबरतील हो," मॅडम म्हणाल्या. "याच आकड्याबद्दल मी आधीच साशंक होते. फार बोचत असेल तर काढूनही टाकता येईल."

"राहू दे तो," बायको म्हणाली. "बाकावर बसून मी शेकडो जणींना अर्धंच सांगितलंय. पत्राने तरी पुरतं सांगावं."

घरी जाताना ती बसमध्ये खिडकीशी बसली. काका शेजारी. घरात आल्यावर तिने पर्स खुंटीला लावली, बाही काढली, तळहातापासून वर हात चोळायला घेतला आणि मग बोलली.

"तुम्ही मला नेलंत, त्याचा मला राग नाही. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं."

"नियम मीच घातला होता अगं. प्रत्येक गाठ वाढणार, हा. मी तो तपासायला हवा होता."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यातलं कळत नाही." तिने हात चोळणं थांबवलं नाही. "पण त्या संध्याकाळी छोटी तिथे बसली होती. मी तुम्हाला सरळ विचारलं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझ्या तोंडून तुम्ही तिला पाठवत होतात. आणि दोन महिने मी बाकावर बसून जे सांगत होते, ते तुम्ही घरी बसून ऐकत होतात. संध्याकाळी यायचे मी, तुम्ही विचारायचात, आज किती जणी आल्या?"

खरंच विचारत होते काका. चहा पुढे करत विचारत होते.

"तू तुटशील असं वाटलं मला," ते शेवटी म्हणाले.

"मी काय पूल आहे?"

तिने फोन उचलला, छोटीचा नंबर लावला, आणि आवाज मोठा करून फोन दोघांच्या मधे टेबलावर ठेवला.

"छोटे, भावजींना तुझ्याशी बोलायचंय."

"बोला भावजी. एक मिनिट हं. अगं क्लच! क्लच दाब! हां, घे आता कडेला. बोला."

काकांनी टेबलाची कड धरली. बसमधला निर्दोष क्रम आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"त्या दिवशी मी तुला अर्धवट सांगितलं. आमच्या हिशेबाने, हजार बायका वीस वर्षं तपासणीला येत राहिल्या, तर त्यांतल्या सहा-सात जणींचा जीव वाचतो. आठ-नऊ जणींवर जन्मात गरज पडली नसती असे उपचार होतात. कोण कुठली, ते कळायला मार्ग नाही."

"म्हणजे जाऊ नको म्हणता?"

"तसं म्हणत नाही. सहा-सात जणी लहान आकडा नाही."

"मग जाऊ म्हणता?"

"तेही म्हणत नाही."

"वा! पोरींना मी असं शिकवलं तर चौकाचौकात गाड्या उभ्या राहतील." ती हसली, मग हसू विरलं. "आणि ताई? ताई कुठल्यांतली?"

बायको हाताकडे बघत होती.

"माहीत नाही," काका म्हणाले.

"पण परवा तर तुम्ही..."

"परवा मी खोटं बोललो."

पलीकडून इंजिनाचा आवाज येत राहिला. कोणीतरी मागून हॉर्न दिला. छोटीने काच खाली करून त्याला दोन शब्द सुनावले, पण नेहमीच्या जोरात नाही.

"शुक्रवारचं मी रद्द करते, भावजी," ती म्हणाली. "कायमचं म्हणत नाही. पण तुमच्या 'वाचला'वर मी वेळ घेतली होती. आता माझं मला बघू दे."

छोटीच्या स्तनात आत्ता, या क्षणी, एखादी गाठ असेल आणि ती झोपाळू नसेल, तर? त्या सहा-सात जणी आजवर काकांना पडद्यावर दिसत आल्या होत्या. आता त्यांतल्या एकीचा आवाज टेबलावरून येत होता. नको रद्द करू, जाऊन ये, एवढंच म्हणायचं होतं. ती गेलीही असती. ते फोनकडे वाकले.

बायकोने उजवा हात उचलून त्यांच्यापुढे आडवा धरला.

"तिला ठरवू द्या," ती हळूच म्हणाली. मग फोनकडे वळून, "छोटे, गाडीकडे बघ आता. आपण मग बोलू."

फोन बंद झाला. काका तसेच वाकलेले राहिले.

"तिला काही झालं तर?" त्यांनी विचारलं.

"तर तेही आपल्यावर येईल. तुमच्यावर, आणि माझ्यावरही."

बायको पुन्हा हात चोळू लागली, बोटांच्या टोकांकडून कोपराकडे, सावकाश. स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ होऊन गेली होती. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली नाही, हे काकांच्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं. आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे तिला विचारण्याचा धीर त्यांना झाला नाही.